माल्टात मुक्काम कुठे टाकायचा? आठ दिवस, दोन घरं आणि आईचा गुडघा

निघायच्या आधी

अख्खा माल्टा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण अर्धी मुंबई. मुख्य बेटाची लांबी २७ किलोमीटर, म्हणजे आपलं डोंबिवली ते घाटकोपर. हे वाचल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं की मुक्काम कुठेही टाका काहीही फरक पडत नाही, अर्ध्या तासात कुठूनही कुठेही पोचू. वीस वर्षं लोकलने प्रवास केलेल्या माणसाने असं बोलायला नको होतं, कारण डोंबिवलीकराला किलोमीटर विचारायचे नसतात, गाडी कुठून सुटते ते विचारायचं असतं. पण सुट्टीच्या नादात अक्कल घरी राहते.

तरी पंधरा दिवस भांडलोच. मला व्हॅलेटा हवं होतं, राजधानी, जुनं तटबंदीचं गाव. बायकोला समुद्राकाठचा लांबलचक फुटपाथ हवा होता म्हणून तिचं मत स्लीमाला. मेहुणा म्हणाला सेंट ज्युलियन्सला राहा, सगळी मजा तिथेच आहे, पण तो गेला तेव्हा पंचविशीत होता आणि त्याची मजा रात्री अकराला सुरू व्हायची. लेक अकरा वर्षांची, तिची अट फक्त वाळू. वाळूच हवी असेल तर उत्तरेला मेल्लिहाला राहावं असं सगळेच सांगतात, पण तिथून बाकी सगळं लांब. आणि आई अडुसष्ट, उजवा गुडघा गेलेला, ती म्हणाली मला काही कळत नाही बाबा, लिफ्ट आहे का तेवढं बघा.

त्या एका वाक्यात व्हॅलेटा बाद. तिथली जी घरं आम्हाला परवडत होती ती सगळी तिसऱ्या मजल्यावर, गोल गोल दगडी जिना. स्लीमात लिफ्टवालं घर मिळालं, सात रात्री, पैसे आधीच भरून टाकले. स्वस्त पडत होतं ना, परत न मिळण्याच्या अटीवर.

दिवस १, शनिवार

इस्तंबूलमार्गे दुपारी उतरलो. इंग्रजांचं राज्य १९६४ पर्यंत होतं त्यामुळे गाड्या डावीकडून, पाट्या इंग्रजीत, फक्त प्लग तेवढा इंग्लंडसारखा चौकोनी तीन पायांचा, आपला गोल पायांचा बसत नाही. टॅक्सीवाला फोनवर बोलत होता आणि दर दोन वाक्यांनी "मेला, मेला". मागच्या सीटवर आई अस्वस्थ. शेवटी मला हळूच म्हणाली, "अरे कोण गेलं त्यांच्यात विचार तरी." विचारलं तर कळलं की मेला म्हणजे "मग", "बरं तर", "हो ना", सगळंच. माल्टी भाषेचं मूळ अरबी, लिपी रोमन, त्यात इटालियनची भरपूर भर. लोक कट्टर कॅथलिक आणि देवाला म्हणतात आल्ला. स्लीमा हे नावसुद्धा मेरीच्या प्रार्थनेतल्या "स्लीम" म्हणजे सलामवरून आलं आहे म्हणे, शांतीचं गाव.

शांतीच्या गावात आमच्या खिडकीसमोर क्रेन. एक नाही, गॅलरीतून मोजल्या तर पाच. युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात दाट वस्तीचा देश हा, जुनी दगडी घरं पाडून टॉवर चाललेत, आपल्याकडच्या रिडेव्हलपमेंटसारखंच फक्त दगड पिवळा. जाहिरातीत लिहिलेलं "समुद्र पाच मिनिटं" खरं निघालं, पण उतारावरून. परत यायला आईला वीस मिनिटं लागली आणि लिफ्ट होती ती इमारतीला, टेकडीला नव्हती.

आणि समुद्र म्हणजे वाळू नाही. सपाट खडक, खडकात शिडी, शिडीवरून थेट खोल पाण्यात. ऑक्टोबर असूनही पाणी छान उबदार, पोहणाऱ्याला स्वर्ग. लेकीने बादली आणि फावडं डोंबिवलीहून आणलं होतं, ती खडकावर बादली उपडी घालून तिच्यावर बसली, बोलायला तयार नाही.

दिवस २, रविवार

मार्साश्लोकचा रविवारचा बाजार. आईला नावच इतकं आवडलं, श्लोक! मी सांगितलं की श्लोक म्हणजे इथे आग्नेयेचा दमट वारा, त्या वाऱ्याच्या दिशेचं बंदर म्हणून मार्साश्लोक. "असू दे, मी श्लोकच म्हणणार."

आता जायचं कसं तर स्लीमाहून आधी व्हॅलेटा, तिथे बस बदलून मार्साश्लोक. बेटावरच्या बऱ्याचशा बसेस व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटन कारंजाभोवती सुटतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. तिकीट साधारण अडीच युरो, दोन तास चालतं, बदललेल्या बसलापण तेच, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न हा की आम्ही आऱ्याच्या मध्यावर, बस आमच्यापर्यंत येते तेव्हा सेंट ज्युलियन्सकडूनच गच्च भरून येते. पहिली बस थांबलीच नाही, ड्रायव्हरने नुसता हात हलवला, दुसरीत शिरलो, आईला एका मुलीने जागा दिली. व्हॅलेटाला उतरलो तर समोर मार्साश्लोकची बस रिकामी उभी, हव्या त्या सीटवर बसा. तेव्हाच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण सीट मिळावी म्हणून उलटे कल्याणला जाऊन परत येणारी माणसं, आणि बेटावर आल्यावर मुक्काम टाकला तो मधल्या स्टेशनवर!

बंदर सुंदर आहे, लाल पिवळ्या निळ्या हिरव्या रंगाच्या लुत्सू होड्या आणि नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे. बाजार मात्र अर्धा मासळीचा आणि अर्धा टीशर्ट आणि मोबाईल कव्हरचा. आम्ही अर्धे शाकाहारी (आई आणि बायको), मला मात्र लाम्पुकी मिळाला, हा इथला शरदातला मासा, तळलेला, वर लिंबू, टोमॅटो, केपर्स. आईला बिजिल्ला खायला घातलं, घेवड्यासारख्या शेंगेच्या कडक दाण्यांचं लसूण घालून केलेलं घट्ट वाटण, पावाला लावून खायचं. वालाच्या उसळीची कुणीतरी चटणी केली असं तिचं मत पडलं, आणि हे कौतुक होतं.

परतीला पुन्हा दोन बस, दारापर्यंत पावणेदोन तास. सरळ अंतर पंधरा किलोमीटरसुद्धा नसेल.

दिवस ३, सोमवार

आज बस नाही असं ठरवून स्लीमाहून होडीने व्हॅलेटा. हा मात्र स्लीमाचा खरा फायदा, दहा मिनिटांत पलीकडे आणि समोर सगळी तटबंदी, घुमट, उंच मनोरा, फोटो तर येतातच. पण होडी जिथे सोडते तिथून शहर डोक्यावर. चढ, मग पायऱ्या, मग परत चढ. आईने मध्यावर एका दारात बसून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही जा, मला वर काय आहे ते सांगा." (धक्क्यापासून एक छोटी गोल फेरीची बस वर जाते. हे आम्हाला संध्याकाळी कळलं. कुणी जाणार असेल तर १३३ नंबर.)

वर पोचलो कसेबसे. व्हॅलेटा हे १५६६ साली आखून बांधलेलं शहर, आदल्या वर्षी तुर्कांचा मोठा वेढा झाला त्यानंतर, सरळ चौकडीचे रस्ते आणि दोन्ही बाजूंना रंगीत लाकडी बंद सज्जे. सेंट जॉन्सचं चर्च बाहेरून अगदी साधं, गोदाम वाटावं असं, आणि आत गेलं की सोनंच सोनं. जमीन म्हणजे सेंट जॉनच्या पंथातल्या सरदारांच्या (तेव्हा बेटावर त्यांचंच राज्य) सुमारे चारशे कबरी, रंगीत संगमरवरात सांगाडे, घड्याळं, ढाली. टोकदार टाचांच्या चपला घालून सोडत नाहीत, आईच्या बाटाच्या सँडलला पहिल्यांदाच मान मिळाला. आत कॅराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं भलं मोठं चित्र, संत जॉनचा शिरच्छेद. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि ती सही केली आहे चित्रातल्या रक्ताच्या थारोळ्यात. लेक तिथून हलायला तयार नव्हती. मला वाटलं होतं घाबरेल.

दुपारी चारची तोफ अप्पर बराक्का बागेतून पाहिली, खाली ग्रँड हार्बर पसरलेलं. तिथे आईला सांगितलं की १८७८ साली रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजांतून याच बेटावर आणले होते. तिचा पहिला प्रश्न, "मग त्यांच्या जेवणाखाण्याचं काय केलं असेल रे?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण अठ्ठावन्न मीटरची लिफ्ट होती, बागेतून थेट खाली धक्क्यावर. लिफ्टने उतरलो, होडीने पलीकडे बिरगूला गेलो, व्हॅलेटा वसायच्या आधी सरदार तिथेच राहायचे. गल्ल्या अरुंद, दारात कुंड्या, कुत्रं झोपलेलं, क्रेन नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. इथे का नाही घेतलं आपण? कुणी नावच घेतलं नव्हतं म्हणून.

दिवस ४, मंगळवार

श्लोक वारा सुटला. कपडे वाळेनात, मीठ ओलं, आईचा गुडघा सुजला. ती घरी थांबते म्हणाली आणि आम्ही इम्दीना आणि रबातला गेलो.

इम्दीना ही जुनी राजधानी, तटाच्या आत मोजक्याच गाड्या, पिवळ्या भिंतींमधून नुसते पावलांचे आवाज. तासाभरात बघून होतं. खरी गोष्ट वेशीबाहेर रबातमध्ये, पास्तीत्सी! खारीसारखे पापुद्रे, आत वाटाण्याचं सारण किंवा रिकोटा चीज, आकार होडीसारखा, आणि किंमत एक युरोच्या आत. मटारच्या करंजीचा युरोपात राहणारा चुलतभाऊ. आईसाठी चार बांधून घेतल्या, बायकोने आधी तूप की चरबी ते विचारून घेतलं, दुकानदार म्हणाला मार्गरीन.

येताना मोस्ताला उतरलो, १९४२ च्या एप्रिलमध्ये भर प्रार्थनेच्या वेळी इथल्या चर्चच्या घुमटातून बाँब आत पडला, खाली अडीचशेच्या वर माणसं, आणि तो फुटलाच नाही. समोर दोन घड्याळं, एक मुद्दाम चुकीचं, सैतानाला वेळ कळू नये म्हणून. आम्हाला बसची वेळ कळत नव्हती ती कुणामुळे असा एक विनोद मी केला, कुणी हसलं नाही, कारण पाऊस सुरू झाला होता.

घरी आलो तर आई खिडकीत. दिवसभर काय केलंस? "ड्रिल ऐकलं. समोरच्या मजल्यावर तीन माणसं आहेत, एक पंजाबी आहे बहुतेक, त्याने हात केला." चहा केला होता, पण निम्म्याहून जास्त पाणी इथे समुद्राचं गोडं केलेलं, नदी नाही, तळं नाही, चहाला चवच येईना. भाजणी आणली होती त्याची थालीपिठं लावली आणि पास्तीत्सी गार झालेल्या तशाच खाल्ल्या. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की सगळ्यांचं सगळं बघून होतंय, पण हिची काही सुट्टी होत नाहीये.

दिवस ५, बुधवार

गोझो, माल्टाचं दुसरं बेट, एका दिवसाची सहल. चिरकेव्वाच्या धक्क्याला जाणारी २२२ स्लीमातूनच सुटते म्हणून एकदाच्या आम्हाला पहिल्या सीट मिळाल्या, त्यावर सव्वा तास गेला. मग मोठी फेरीबोट, पंचवीस मिनिटं, मध्ये कोमिनो बेट आणि ते फोटोतलं निळं पाणी, त्यावर इतक्या होड्या की आम्ही लांबूनच नमस्कार केला. तिकीट कुठे काढायचं विचारलं तर म्हणे जाताना नाही, गोझोहून परत येताना काढायचं.

गोझो ६७ चौरस किलोमीटर. मधोमध गाव व्हिक्टोरिया, राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीत दिलेलं नाव, स्थानिक लोक अजून रबातच म्हणतात (कालचं रबात वेगळं). तिथला बसस्टँड म्हणजे आपला तालुक्याचा एसटी स्टँड, बेटावरची जवळजवळ प्रत्येक बस इथून सुटते, आणि रिकामी सुटते! मी तिथे उभा राहून पाटी वाचत बसलो, बायको म्हणाली अरे बेट बघायला आलोय की टाइमटेबल.

स्टँडपासून पाच मिनिटांवर, सपाट रस्त्याने, इत्-टोक नावाचा चौक. झाडं, बाकं, कॉफीच्या टेबलांभोवती म्हातारी माणसं, मागे किल्ला. आई एका खुर्चीवर बसली. आम्ही म्हणालो आता श्लेंडीला जाऊ, समुद्र आहे, तीनच किलोमीटर. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." हे ती चौथ्यांदा म्हणत होती, पण या वेळी आवाज वेगळा होता. दोन तासांनी परत आलो तर शेजारच्या टेबलावरच्या आजींना ती पर्समधला क्रोशाचा रुमाल दाखवत होती आणि त्या आजी तिला आपल्या कॉलरची लेस. गोझोची लेस प्रसिद्ध, उशीवर टाचण्या टोचून लाकडी रिळांनी विणतात. आईला इंग्रजी थोडं येतं, त्या बाईंना थोडं, बाकी सगळं "मेला, मेला" वर चाललं होतं.

परतीची २२२ धक्क्यावर भरून आली होती. उभ्याने सव्वा तास. सेंट पॉल्स बेच्या ट्रॅफिकमध्ये मी मोबाईलवर व्हिक्टोरियात दोन रात्री शोधल्या, तळमजला, चौकापासून चार मिनिटं. बायको म्हणाली, स्लीमाच्या दोन रात्रींचे पैसे बुडणार. आईला सांगितलंच नाही, नाहीतर तिने येऊच दिलं नसतं.

दिवस ६, गुरुवार

सामान उचललं आणि गेलो. टॅक्सीने, बॅगा घेऊन २२२ ला सामोरं जायची हिंमत नव्हती.

घर जुनं, जाड दगडी भिंती, आत गार, मागे लहानसं अंगण आणि त्यात लिंबाचं झाड. आईने अंगणात खुर्ची टाकली आणि विचारलं, "हे घर पहिल्या दिवशी का नाही घेतलं?" कुणी उत्तर दिलं नाही.

दुपारी लेकीला घेऊन रामला, इथली वाळू खरोखर तांबूस केशरी. बादली सहाव्या दिवशी पावन झाली. बायको पोहली. मी वाळूत झोपलो. याहून जास्त काही झालं नाही आणि तो सगळ्यात चांगला दिवस होता.

दिवस ७, शुक्रवार

सकाळी आईसुद्धा बरोबर, कारण बसमध्ये बसायला जागा आणि दहा मिनिटांचा प्रवास. शाराची जिगंतिया देवळं, साधारण इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची, गिझाच्या पिरॅमिडांच्या हजारेक वर्षं आधीची, चुन्याच्या दगडाच्या अशा शिळा की बघून मान दुखावी. दंतकथा अशी की एका राक्षसिणीने बांधली, खांद्यावर मूल आणि खायला फक्त शेंगा आणि मध. आई म्हणाली, "त्यात काय, सगळ्या बायका असंच बांधतात." आणि बिजिल्ला आठवला म्हणून पुन्हा मागवला.

(माल्टातलं हायपोजियम, म्हणजे जमिनीखालचं प्राचीन दफनस्थान, मात्र राहिलं. तासाला दहाच माणसं सोडतात, तिकिटं कितीतरी आधी संपतात, मुक्कामाचं भांडण मिटवून मग बघू म्हटलं तोवर संपली होती.)

दुपारनंतर आई चौकात, आम्ही मार्साल्फोर्नहून चालत श्वेनीच्या मिठागरांवर. आपली वसई, उरणची मिठागरं मातीची, ही किनाऱ्याच्या खडकात कोरलेली, शेकडो चौकोन, प्रत्येकात आभाळाचा एक तुकडा. अजून तिथे मीठ काढतात आणि विकतात. एक पिशवी घेतली. द्वेयराची ती प्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, तिची रिकामी जागा बघायला लेकीला जायचं होतं, पण शेवटची सोयीची बस गेली होती.

संध्याकाळी आईला आणायला गेलो तर ती चौकात नाही. धस्स झालं. शोधत शोधत सेंट जॉर्ज चर्चच्या मागच्या गल्लीत गेलो तर एका उघड्या दारात दोन खुर्च्या, एकीवर परवाच्या आजी, एकीवर आमची आई, मांडीवर ती लेसची उशी, रिळं हातात आणि तोंड इवलंसं. "अरे हे फार कठीण आहे," म्हणाली, "उद्या थोडं जमेल."

दिवस ८, शनिवार

उद्या नव्हतंच. व्हॅलेटाची जलद बोट पाऊण तासात पोचवते, तिने जायचं ठरलं होतं, पण वारा इतका की ती रद्द. मोठी फेरी चालू होती, पलीकडून चिरकेव्वाहून थेट विमानतळाची बस मिळते, ती तिथूनच सुटते हे मी आदल्या रात्रीच बघून ठेवलं होतं.

इम्जारच्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी. माणशी ४.६५ युरो. आईने विचारलं, "येताना तर काही घेतले नाहीत?" म्हटलं इथे असंच आहे, पैसे फक्त परत जाणाऱ्याकडून घेतात.

ती थोडा वेळ बॅगेवर बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे राहिले असते तर फुकट."